आरपीजी गेमपॅडवरच खेळावा, कीबोर्डवर नुसतं धावता येतं

साखळीवाला (धागाकर्ता)

मावसभावाने नवा पीसी घेतला आणि विचारलं, उरलेल्या पैशांत गेमपॅड घेऊ की चांगला माऊस? त्याला तलवारी, मंत्र, ड्रॅगन असले लांबलचक आरपीजीच (रोल-प्लेइंग गेम, म्हणजे एक पात्र घेऊन त्याची गोष्ट जगायची) खेळायचेत. मी लगेच गेमपॅड म्हणून सांगितलं. त्यावरून घरच्या ग्रुपवर दोन दिवस वाद चालला, म्हणून माझं म्हणणं इथे नीट मांडतो.

या गेम्समध्ये लढाईपेक्षा चालणं जास्त असतं. ‘द विचर ३’ घ्या, २०१५ चा. त्यातल्या नोव्हिग्राड शहराच्या गल्लीत शिरलं की पॅडची डावी स्टिक (छोटी दांडी) अंगठ्याने अर्धी ढकलायची, गेमचा नायक गेराल्ट चालायला लागतो. पुरती ढकलली की धावतो. घोड्यावर बसून संध्याकाळी रस्त्याला लागलं की अंगठा आपोआप सैल पडतो आणि आजूबाजूला लक्ष जातं. कीबोर्डवर पुढे जायचं बटण, डब्ल्यू, एक तर दाबलेला असतो किंवा नसतो. त्यामुळे माणूस सगळीकडे धावतच सुटतो. बाजारात धावतो, ज्या घरात मयत झालंय तिथेही धावत शिरतो. मी पहिली तीन वर्षं असाच खेळलो. पॅड हातात आल्यावर तोच गेम पुन्हा पहिल्यापासून सुरू केला, कारण ते गाव मी पाहिलंच नव्हतं असं वाटलं.

दुसरं कारण घरचं आहे. चवथीला आम्ही सगळे मूळ घरी जमतो. रात्री आरत्या-भजन झालं, मोठी माणसं झोपली, की हॉलमधल्या टीव्हीला लॅपटॉप जोडायचा आणि चटईवर सात-आठ जण बसायचे. एक मेला की पॅड पुढच्याच्या हातात. सहावीतली पोर आणि तिचा चाळिशीतला काका एकाच गोष्टीत रंगलेले मी पाहिलेत. कीबोर्ड-माऊस घेऊन हे कसं करणार?

ज्यांना पटत नाही त्यांनी जरूर लिहा.

मळ्यातली चिमणी

मला अजिबात पटलेलं नाही. तुमचं चवथीचं वर्णन मात्र फार आवडलं.

आरपीजीत चालणं महत्त्वाचं, हे मान्य. पण शंभर तासांतले निदान वीस तास आपण पिशवीत डोकं घालून बसलेले असतो. कुठली ढाल ठेवू, काय विकू, कोणतं औषध कधी पिऊ. ‘स्कायरिम’ (२०११) चा मूळ मेन्यू लांबून टीव्हीवर वाचता यावा म्हणून केलेला: मोठी अक्षरं, एका वेळी मोजक्या वस्तू, आणि मग खाली खाली जात राहायचं. स्कायरिमच्या चाहत्यांनी ‘स्काययूआय’ नावाचा मॉड (चाहत्यांनी केलेला बदल, गेमला जोडायचा) का केला असेल? वजन, किंमत, जोर असे रकाने, वर क्लिक केलं की यादी लागलीच तशी लागते. माऊस हातात असलेल्या माणसाची ती गरज होती.

लढाईतही तेच. आवडीची आठ शस्त्रं-मंत्र मी १ ते ८ वर लावते. बर्फाचा मंत्र ३, बरं होण्याचा ५. बोटं न बघता जातात. पॅडवर तेच करायचं तर डी-पॅडच्या (पॅडवरच्या अधिक चिन्हासारख्या बटणाच्या) डाव्या-उजव्या बाजूला दोन वस्तू, बाकीच्यांसाठी गेम थांबवून यादी उघडायची. लढाई दर चार सेकंदांनी गोठवून लढण्यात मला रस नाही.

आणि धनुष्य! लांबच्या बुरुजावरचा पहारेकरी, बाण किती पडेल याचा अंदाज घेऊन टोक त्याच्या डोक्यापेक्षा किंचित वर धरायचं. माऊसवर हे मनगटाच्या एका केसभर हालचालीने होतं. स्टिकवर टोक एकदा डावीकडे जातं, एकदा उजवीकडे, आणि तेवढ्यात तो वळून बघतो.

धावण्याबद्दल एवढंच सांगते: स्कायरिममध्ये कॅप्स लॉक दाबलं की माणूस चालतो. मी गावात शिरताना नेहमी दाबते.

काणकोणचा वारा

साखळीवाल्यांना अनुमोदन. ‘डार्क सोल्स’ २०१२ साली पीसीवर आला तेव्हा माऊसने कॅमेरा सांभाळताना जीव नकोसा झाला होता. ‘एल्डन रिंग’ (२०२२) मध्ये एकच बटण टिचकीसारखं दाबलं तर लोळण, दाबून धरलं तर धाव. शत्रूवर लॉक केलं (कॅमेरा त्याच्यावर खिळवला) की डावा अंगठा त्याच्याभोवती फिरवतो, उजवी तर्जनी वार करते. हात विचार करत नाहीत. हे गेम पॅडसाठीच घडवलेले आहेत.

मळ्यातली चिमणी

@काणकोणचा वारा, तुम्ही दोन्ही उदाहरणं एकाच कंपनीच्या गेम्सची दिलीत. २०१२ चं ते रूपांतर कच्चं होतं, त्यात माऊसचा काय दोष? उलट उदाहरण मीही देते. २००९ चा ‘ड्रॅगन एज: ओरिजिन्स’. पीसीवर कॅमेरा वर उचलून चौघांना वरून बघत हुकूम सोडता यायचे. कन्सोलवर (टीव्हीला जोडून पॅडने खेळायच्या यंत्रावर) ती सोयच नव्हती. तोच गेम, पण पॅडवाल्यांना त्याचा अर्धा डाव मिळाला.

शुक्रवारचा बाजार

म्हापशात दुरुस्तीचं काम करतो, त्यामुळे टेबलावर रोज काय येतं ते सांगतो.

पॅड सर्वांत जास्त येतात ते ड्रिफ्टमुळे, म्हणजे कोणी हात लावलेला नसताना पात्र आपोआप डावीकडे सरकतं. साध्या स्टिकमध्ये कार्बनची पट्टी असते आणि तिच्यावर धातूची छोटी पाती घासते. स्टिक उघडली की त्या पट्टीवर काळपट भुकटी दिसते, नखाला लागते. घासून घासून ती पट्टी झिजते. त्यात जून ते सप्टेंबर आपल्याकडे भिंतीलाही बुरशी येते, किनाऱ्याजवळच्या घरांत खारी हवा वेगळीच. धातूचे सांधे त्याने काळवंडतात.

स्टिक बदलायची तर सोल्डरचे चौदा टाके सोडवावे लागतात. बोर्ड नाजूक असतो, हलक्या हाताने करावं लागतं. माऊसचा नेहमीचा आजार म्हणजे एकदा दाबलं की दोनदा क्लिक होणं. तिथे तीन टाक्यांचा स्विच बदलला की काम झालं. कीबोर्डचं एखादं बटण गेलं तरी बाकीचे चालतात.

म्हणून टिकाऊपणाच्या बाबतीत मी चिमणीताईंच्या बाजूने आहे. पॅडच घ्यायचा असेल तर हॉल सेन्सरच्या स्टिकचा बघा. त्यात चुंबक असतो, काही घासत नाही. वापरून झालं की झाकणाच्या डब्यात, सोबत सिलिका जेलची पुडी.

आणि साखळीवाले, चवथीनंतरच्या आठवड्यात माझ्याकडे चिकट बटणांचे पॅड हटकून येतात. नेवऱ्या खाऊन झाल्यावर पोरांना हात धुवायला लावा.

फोंडा रात्रपाळी

इथे शरीराचा विचार कोणीच केलेला दिसत नाही. मी आठ तास कामावर कीबोर्डवर असतो. घरी येऊन पुन्हा तीच खुर्ची, तोच माऊस. दोन वर्षांपूर्वी उजव्या मनगटापासून अंगठ्यापर्यंत मुंग्या यायला लागल्या, सकाळी दुधाची पिशवी उचलताना हात सुटायचा. डॉक्टरांनी माऊसचे तास कमी करायला सांगितलं. तेव्हापासून आरपीजी पॅडवर. हात मांडीवर, पाठ टेकलेली. खेळात थोडा मागे पडलो असेन, पण खेळतोय. माझ्यासाठी वाद तिथेच संपला.

मळ्यातली चिमणी

@फोंडा रात्रपाळी, काळजी घ्या. तुमच्या जागी असते तर मीही हेच केलं असतं. मी स्वतः दिवसभर मराठी टाईप करते, म्हणून टेबलाची उंची आणि कोपराखालचा आधार याकडे फार लक्ष देते. फक्त एक सांगावंसं वाटतं: स्टिक तासन् तास दाबून अंगठ्याचा सांधाही दुखावतो. दर तासाला हात मोकळे करा.

मांडवीपार

‘बाल्डुर्स गेट ३’ (ऑगस्ट २०२३) पीसीवर मी दोन्ही प्रकारे पूर्ण केलाय, म्हणून लिहितो. माऊसने जमिनीवर क्लिक करायचं, पात्र तिथे जातं. पॅड घेतला की पात्र थेट स्टिकने चालवता येतं आणि खालच्या पट्टीच्या जागी गोल चक्रं येतात. दोन्ही जोडून ठेवले तर ज्याला हात लावाल तसा पडदा बदलतो.

फिरताना पॅड मला कितीतरी जवळचा वाटला. लढाई सुरू झाली की मात्र हात आपोआप माऊसकडे जायचा. अग्निगोळा टाकताना वर्तुळाची कड शत्रूवर हवी आणि आपल्या माणसाच्या पायाशी नको, ते बोटभर अंतर माऊसवरच नीट साधतं. गेम पाळीपाळीने खेळायचा असल्याने घाई नसते, तरीही.

पण एक गोष्ट साखळीवाल्यांच्या बाजूची. मी आणि बायको एकाच टीव्हीवर पडदा विभागून खेळतो, आणि त्यासाठी दोघांकडेही पॅड लागतात. पावसात बाहेर पडता येत नाही तेव्हा आमचे रविवार असेच गेले.

साखळीवाला

सगळे प्रतिसाद दोनदा वाचले. पिशवीचा मुद्दा मान्य, चिमणीताई. पॅडवर वस्तू विकत बसणं हे काम आहे, खेळ नाही. धनुष्याचंही मान्य. माझं पात्र कायम तलवारवालंच का असतं, हे आज कळलं.

चालण्याबद्दल मत बदललेलं नाही. कॅप्स लॉकने एकच चाल मिळते. मला ती मधली चाल हवी असते, दारापाशी आल्यावर जराशी मंदावणारी. ‘विचर ३’ आल्यावर दोनच महिन्यांत गेराल्टच्या हालचालीसाठी वेगळा पर्याय द्यावा लागला होता, तो जड वळतो अशी खेळणाऱ्यांची तक्रार होती. म्हणजे पाय कसे पडतात याची पर्वा माझ्यासारखी बऱ्याच जणांना आहे.

मावसभावाला हॉल सेन्सरवाला पॅड घ्यायला सांगतो. माऊस त्याच्याकडे साधा आहे, तो सध्या पुरेल.

मळ्यातली चिमणी

साध्या माऊसवरही बाण लागतो. त्याला स्कायरिममध्ये रिव्हरवुडच्या पुलावर उभं करा, नदीपलीकडच्या हरणावर आधी पॅडने दहा बाण मारू दे, मग माऊसने दहा. किती लागले ते इथे लिहा.