वारकरी आजोबा पाया पडायला वाकले आणि मी मागे सरकले

सासवडची सून
माझं माहेर नागपूरचं. लग्नानंतर गेल्या वर्षी पहिल्यांदा माउलींची पालखी दारात पाहिली. पुण्याहून दिवेघाट चढून सासवडला यायचं म्हणजे ३० किलोमीटरच्या वर चाल, त्यात एकादशी. आमच्या ओसरीवर दरवर्षी एक दिंडी उतरते. सासूबाईंनी मला पाय शेकायला गरम पाणी द्यायच्या कामाला लावलं.

परभणीकडचे एक आजोबा होते, सत्तरीच्या पुढचे. टाचेला फोड, चपलेचा अंगठा सुतळीने बांधलेला. मी घमेल्यात पाणी ओतलं, मूठभर मीठ टाकलं. नंतर साबुदाण्याची खिचडी दिली. खाऊन झाल्यावर त्यांनी ताटली स्वतः विसळली, भिंतीशी पालथी घातली, आणि 'माउली' म्हणत माझ्या पायाशी वाकले. मी एकदम मागे सरकले. "अहो आजोबा, काय करताय!" असं जरा मोठ्यानेच बोलून गेले. त्यांचा हात तसाच खाली राहिला. मग तो उंबऱ्याला लावून त्यांनी कपाळाला नेला.

कुणीच काही बोललं नाही, पण मला त्या रात्री झोप लागली नाही. वडिलांपेक्षा मोठ्या माणसाला पाया पडू द्यायचं तरी कसं? यंदा ते पुन्हा येतील. अशा वेळी काय करायचं असतं?

वीणेकऱ्याचा नातू
ताई, आपणही वाकायचं. त्यांच्याबरोबरच, लगेच. दोघांचे हात एकमेकांच्या पायांना लागले की झालं.

आमच्या दिंडीत वीणा एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते तेव्हा देणारा-घेणारा दोघेही एकमेकांच्या पाया पडतात. आजोबा ऐंशीचे आणि वीणा घेणारा विशीतला पोरगा असला तरी. तिथे वय बघत नाहीत, जात बघत नाहीत. तुकोबांच्या वाळवंटातल्या खेळाच्या अभंगातच आहे, 'एक एका लागतील पायीं रे'. वारीत पाण्याच्या टँकरपाशी रांगेत पुढच्याला बाजूला व्हायला सांगायचं तरी 'माउली, जरा सरका' असंच म्हणतात. आजोबा तुमच्यातल्या माउलीला नमस्कार करत होते.

डोंबिवलीकर काकू
मला नाही वाटत तिचं काही चुकलं. आमच्याकडे मोठ्यांनी लहानांच्या पाया पडलं तर लहानाचं आयुष्य कमी होतं असं म्हणतात, म्हणून पाय आपोआप मागे जातात. तो धाकही आदराचाच आहे. मी असते तर दोन्ही हात धरून त्यांना वर उठवलं असतं.

वीणेकऱ्याचा नातू
काकू, घरात तेच बरोबर. पण वारीत हात धरून उठवलं तर त्या माणसाला वाटतं, आपला नमस्कार घेतला नाही. आजोबांनी उंबऱ्याला हात लावला तो त्यामुळेच. आलेला नमस्कार वाया जाऊ दिला नाही त्यांनी.

सासवडची सून
उंबऱ्याचं हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. वाचून डोळे भरून आले.

सासूबाईंना सगळं वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "वाकशील तेव्हा पदर खोचून घे, घमेल्यात जातो. आणि 'आजोबा' म्हणू नकोस, 'माउली' म्हण."