मदत हवी आहे : रोलिंग मिलच्या गिअरबॉक्स तेलात पाणी येतंय, कुठून ते सापडत नाही

पिनियन_जालना

नमस्कार मंडळी,

जालना एमआयडीसीतल्या एका री-रोलिंग मिलमध्ये मी मेकॅनिकल मेंटेनन्स बघतो. आमच्याकडे 8 ते 25 एमएम टीएमटी, म्हणजे बांधकामाची सळई, निघते. रफिंगच्या (गरम माल सुरुवातीला दाबणाऱ्या) रोलच्या स्टँडना अजून फायबर बेअरिंग आहेत, त्यांना पाणीच वंगण, तिथे काही तक्रार नाही. त्रास फिनिशिंगकडच्या गिअरबॉक्स आणि पिनियन स्टँडचा (मोटरची ताकद रोलना वाटून देणाऱ्या गिअरच्या पेटीचा) आहे. या सगळ्यांना एकाच सेंट्रल लुब्रिकेशनमधून तेल जातं.

टाकी 4,000 लिटरची, तेल व्हीजी 320 (ही तेलाच्या दाटपणाची श्रेणी). दोन गिअर पंप, एक चालू आणि एक स्टँडबाय. पुढे डुप्लेक्स फिल्टर, मग पाण्याने तेल थंड करणारा प्लेटवाला ऑइल कूलर, मग सगळीकडे तेल वाटणारा हेडर पाइप. पंपाजवळ साधारण 4 बार, हेडरला 2.5 बार. तेल परत टाकीत उताराने येतं.

जूनपासून तेल दुधाळ व्हायला लागलं. अगदी चहाचा रंग. फिल्टर पूर्वी पंधरा दिवस टिकायचे, आता तीन-चार दिवसांत चोक होतात, प्रेशर पडतं आणि मिल ट्रिप होते. मिल अशी अचानक थांबली की आत असलेला गरम माल मिसरोल होतो, म्हणजे रोलमधून भरकटतो. लाल सळई कुठे उसळेल याचा भरवसा नसतो आणि तिथे माझी माणसं उभी असतात. माझी खरी काळजी ती आहे, तेलाचा खर्च नंतर. चार महिन्यांत पिनियन स्टँडचं एकाच जागेचं बेअरिंग दोनदा गेलं.

आतापर्यंत केलेलं : ड्राइव्ह साइडचे सगळे ऑइल सील बदलले. रोलवरचं पाणी गिअरबॉक्सवर उडू नये म्हणून पत्र्याचे आडोसे लावले. ब्रीदर (हवा येण्याजाण्याचं झाकण) बदलला. एकदा सगळं तेल काढून टाकी धुऊन नवीन भरलं. तीन आठवड्यांत पुन्हा तेच. भाड्याने सेंट्रिफ्यूज (तेल गरगर फिरवून पाणी वेगळं करणारं यंत्र) आणून चालवला, तो चालतो तोवर तेल बरं राहतं. मालक आता पुन्हा पूर्ण तेल बदलायचं म्हणतायत. मला ते पटत नाही, पण माझ्याकडे दुसरं उत्तरही नाही. कोणी अनुभवी असेल तर सांगा.

कोल्हापुरी_फिटर

भावा, सील बदललेस ते ठीक, पण लॅबिरिंथच्या (शाफ्टभोवतीच्या खाचांच्या सीलच्या) खालचं ड्रेनचं भोक बघितलंस का? मिल स्केलचा, म्हणजे गरम लोखंडाच्या खपल्यांचा, गाळ बसून ते बुजतं. मग लॅबिरिंथमध्ये शिरलेलं पाणी बाहेर पडायच्या ऐवजी आत जातं. नवा सील लावला तरी महिन्याभरात शाफ्टवर खाच पडून गळायला लागतो. आमच्याकडे एका गिअरबॉक्सला हेच झालं होतं. तारेने साफ कर आणि शाफ्टवर बाहेरून एक रबरी व्ही-रिंग बसव.

पिनियन_जालना

भोकं बघितली. दोन बुजलेली होती, साफ केली. व्ही-रिंगही आता सगळीकडे आहेत. फरक थोडाच पडला.

तेलपरीक्षा

मी चाकणला वंगणाच्या लॅबमध्ये काम करते. आधी काही प्रश्न विचारते. पाणी किती आहे ते मोजलंय का? नमुना कुठून घेतला? टाकीच्या तळातून घेतला तर तो नेहमीच वाईट दिसणार. पंप चालू असताना रिटर्न लाइनमधून घ्या.

जागेवरची सोपी तपासणी म्हणजे हॉट प्लेट 150 अंशांच्या आसपास तापवून तेलाचा एक थेंब टाकायचा. चर्र आवाज आणि बुडबुडे आले तर पाणी नक्की आहे. पण किती ते कळत नाही, त्यासाठी कार्ल फिशर चाचणीच हवी. डोळ्याला दुधाळ दिसायला लागलं म्हणजे तेल बेअरिंगसाठी फार आधीच बिघडलेलं असतं. पाणी 100 पीपीएमवरून (दहा लाख भागांत 100 भाग) 400 झालं तरी बेअरिंगचं आयुष्य निम्म्याहून खाली येतं, आणि 400 पीपीएम साध्या डोळ्याला सहसा दिसत नाही.

आणखी एक करा. टाकीच्या तळाचं पाणी बाटलीत काढा. रोलवर मारायचं पाणी दुसऱ्या बाटलीत आणि ऑइल कूलरला जाणारं तिसऱ्या. पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं पेनसारखं टीडीएस मीटर मिळतं, त्याने तिन्ही मोजा. तळाचं पाणी ज्याच्याशी जुळेल तिकडून ते येतंय. हवेतली वाफ थंड होऊन जमलेली असेल तर टीडीएस अगदी कमी लागेल.

भिलाईकर

मी भिलाईत वायर रॉड मिलला आयुष्य काढलं, आता निवृत्त आहे. मूळचा अमरावतीकडचा.

बाळ, गेलेली बेअरिंग फेकली नाहीस ना? आउटर रेसवर, म्हणजे बाहेरच्या कडीवर बघ. तपकिरी-काळे आडवे पट्टे असतील आणि दोन पट्ट्यांमधलं अंतर दोन रोलरमधल्या अंतराएवढं असेल, तर ते डाग बेअरिंग थांबलेलं असताना पडलेत. फिरत्या बेअरिंगमध्ये असे नेमक्या अंतराने डाग पडत नाहीत. मिल उभी असताना पाणी रोलरच्या कडेला साचून बसतं आणि तिथे लोखंड खातं. मिल सुरू झाली की त्याच खाचेतून धातूचे पापुद्रे निघायला लागतात.

आता हे सांग. टाकीची पातळी वाढते कधी, मिल चालू असताना की बंद असताना? रोज एकाच वेळी डिपस्टिक लावून आकडा वहीत लिहिला आहे का?

पिनियन_जालना

काका, ताई, उत्तराला चार दिवस लागले कारण सगळं मोजून मगच लिहायचं ठरवलं होतं.

बेअरिंग भंगारातून शोधून काढलं. पट्टे आहेत. रोलरचं अंतर मोजलं, तंतोतंत जुळतंय. फोटो काढून ठेवलाय.

टीडीएस : रोलचं पाणी 2,900. कूलरला जाणारं कूलिंग टॉवरचं 640. टाकीच्या तळाचं 710. मी गेले चार महिने रोलच्या पाण्यामागे लागलो होतो.

पातळी : आमची साप्ताहिक सुट्टी बुधवारी. सकाळी 8 ला पंप बंद, गुरुवारी सकाळी 8 ला चालू. बुधवारी डिपस्टिक 62 सेंटिमीटर, गुरुवारी 64. टाकीचा तळ 2 मीटर बाय 1.2 मीटर, म्हणजे 2 सेंटिमीटरला 48 लिटर. एका दिवसात 48 लिटर पाणी! बाकी दिवशी पातळी वाढत नाही, उलट किंचित कमी होते. आठवड्याला पंधरा-वीस लिटर तेल घालावं लागतं. ते आम्ही गिअरबॉक्सची गळती धरून चाललो होतो.

पंप बंद असला तरी टॉवरचं पाणी चालूच असतं, कारण त्याच लाइनवर फर्नेसच्या पुशरचं (भट्टीत माल ढकलणाऱ्या यंत्राचं) हायड्रॉलिकही आहे.

लॅबचा रिपोर्ट आला, रिटर्न लाइनमध्ये 4,200 पीपीएम.

भिलाईकर

मग कूलर फुटलाय. मिल चालू असताना कूलरमध्ये तेलाचं प्रेशर पाण्यापेक्षा जास्त, म्हणून तेल पाण्यात जातं. पंप बंद केला की तेलाची बाजू शून्यावर आणि पाणी दोन बारने उभं, म्हणून पाणी तेलात येतं. तुझं वीस लिटर तेल कुठे जातंय ते टॉवरच्या हौदात बघ. पाण्यावर तवंग असेल.

खात्री अशी कर. पाण्याचे दोन्ही व्हॉल्व्ह बंद. कूलरच्या पाण्याच्या बाजूचा ड्रेन उघडून सगळं पाणी जाऊ दे. मग तेलाचा पंप चालू करून तासभर त्या ड्रेनखाली पांढरं फडकं धर. तेल आलं तर शंका उरली नाही. हे करताना मिल बंदच असली पाहिजे. कूलरला पाणी नसताना कोणी घाईने रोलिंग सुरू करता कामा नये.

शेवटचा कूलर कधी आणि कशाने साफ केला होता?

पिनियन_जालना

तवंग आहे. हौदाच्या कोपऱ्यात इंद्रधनुष्यासारखा. टॉवरवरचा माणूस म्हणाला, तो तर उन्हाळ्यापासून दिसतोय. त्याला कोणी विचारलं नाही आणि त्याने सांगितलं नाही.

उन्हाळ्यात आमचा आरओ प्लांट महिनाभर बंद होता. जालन्याचं पाणी तुम्हाला माहीत असेल, टँकरचं घालावं लागलं. प्लेटांवर खार बसला आणि तेलाचं तापमान 68 अंशांपर्यंत गेलं. मेच्या अखेरीस बाहेरच्या माणसाकडून कूलर ॲसिडने धुऊन घेतला. कुठलं ॲसिड ते आज विचारलं. हायड्रोक्लोरिक.

तेलपरीक्षा

प्लेटा स्टेनलेस स्टीलच्या असणार. त्यांना हायड्रोक्लोरिक कधीही लावू नये. क्लोराइडमुळे स्टेनलेसला टाचणीच्या टोकाएवढी आरपार भोकं पडतात. प्लेट अर्धा-पाऊण मिलिमीटरचीच असते. चुन्याचा खार सल्फॅमिक किंवा सायट्रिक ॲसिडने निघतो, वेळ थोडा जास्त लागतो एवढंच.

कोल्हापुरी_फिटर

प्लेटा सुट्या केल्यास तर डाय पेनिट्रंट मार. एका बाजूने लाल, दुसऱ्या बाजूने पांढरा डेव्हलपर. भोक असेल तिथे लाल ठिपका उमटतो. आणि रबराची गॅस्केट नायट्राइलची आहेत का बघ, तापल्याने कडक झाली असतील तर सगळीच बदल. घट्ट करताना प्लेट पॅकची जाडी नेमप्लेटवर लिहिलेली असते, तेवढीच ठेव. गळतंय म्हणून आणखी आवळलास तर प्लेटा चेपतील.

पिनियन_जालना

बुधवारी कूलर काढला. त्याआधी फडक्याची तपासणी केली, वीस मिनिटांत तेलाचा डाग आला. 61 प्लेटांपैकी 7 ला लाल ठिपके. भोकं सगळी खालच्या पोर्टजवळ, जिथे ॲसिड साचून राहिलं असणार. नवीन प्लेटा आणि गॅस्केट मागवली आहेत. तोवर कूलर बायपास, मिल अर्ध्या वेळेवर. तेल 60 अंशांवर गेलं की थांबतो.

मालकांना बेअरिंग, तीन बाटल्या आणि प्लेट टेबलावर ठेवून दाखवली. तेल बदलायचं सध्या थांबलंय. आता शेवटचा प्रश्न : टाकीतलं हे तेल वाचेल का?

तेलपरीक्षा

बहुतेक वाचेल, पण आधी दोन चाचण्या करून घ्या. पहिली, व्हिस्कॉसिटी, म्हणजे तेलाचा दाटपणा. व्हीजी 320 म्हणजे 40 अंशांला 288 ते 352 सेंटिस्टोक्स, त्यात बसतंय का. दुसरी, डिमल्सिबिलिटी, म्हणजे तेल पाण्याला सोडतं का. सोडत असेल तर टाकीचा हीटर लावून 55-60 अंशांवर पूर्ण दिवस न हलवता ठेवा आणि तळाचं पाणी काढा. उरलेल्यासाठी सेंट्रिफ्यूज. त्याने मोकळं पाणी निघतं, विरघळलेलं नाही. ते काढायचं तर व्हॅक्यूम डीहायड्रेशनचं मशीन लागतं, तेही भाड्याने मिळतं. तेल पाणी सोडतच नसेल तर मात्र बदला. आणि काढलेलं तेल फर्नेसमध्ये जाळायला किंवा भंगारवाल्याला देऊ नका. ते घातक कचऱ्यात मोडतं, 2016 च्या नियमांप्रमाणे अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडेच द्यावं लागतं.

भिलाईकर

आणि कूलरच्या पाण्याच्या इनलेटला सोलेनॉइड (विजेवर उघड-बंद होणारा) व्हॉल्व्ह बसव. तेलाचा पंप बंद झाला की पाणी आपोआप बंद. सुट्टीच्या दिवशीही तेलाचा पंप दर काही तासांनी पंधरा मिनिटं चालव, म्हणजे बेअरिंगवर तेलाचा थर राहील. टॉवरवरच्या माणसाला रोज तवंग बघून वहीत लिहायला सांग. त्याने बघितलं होतं, त्याला फक्त कोणाला सांगायचं ते माहीत नव्हतं.

पिनियन_जालना

काका, सोलेनॉइड बसवला. टॉवरच्या वहीत आता एक रकाना तवंगाचा आहे. ताई, तेल पाणी सोडतंय, व्हिस्कॉसिटी 306. हीटर लावून सव्वाशे लिटर पाणी काढलं, सेंट्रिफ्यूज चालू आहे, कालचा आकडा 380 पीपीएम. अजून खाली आणायचा आहे, व्हॅक्यूमचं मशीन सोमवारी येतंय.

नवीन प्लेटा बसल्यानंतरचा हा पहिला बुधवार. सकाळी 8 ला डिपस्टिक 61.5. आज गुरुवारी सकाळी 8 ला 61.5.