ट्रेड इकॉनॉमिक्समध्ये पीएचडी: गोव्यातून एमए करून पुढे जमतं का?

ट्रकवाल्याचा_पोर
नमस्कार मंडळी. मी डिचोली तालुक्यातला, ताळगावला विद्यापीठात इकॉनॉमिक्समध्ये एमए करतोय, शेवटचं सेम. इंटरनॅशनल ट्रेड पॉलिसी आणि डेव्हलपमेंट ह्यात पीएचडी करून पुढे शिकवायचं आणि रिसर्च करायचा असं डोक्यात घेतलंय. खूळ कुठून आलं ते सांगतो, बाबांचे दोन ट्रक मायनिंगला होते, २०१२ ला खाणी बंद पडल्या तेव्हा मी पाचवीत, एक ट्रक विकला आणि दुसरा अजून घरामागे फणसाखाली उभा आहे, टायरातून वेल वर गेलीय. तर विषय असा घ्यायचा विचार की खाणबंदी हा ट्रेड शॉक, म्हणजे व्यापाराला बसलेला अचानक धक्का, आणि त्याचा गोव्यावर परिणाम. घरचे म्हणतात बीएड कर नाहीतर बँकेची परीक्षा दे. चतुर्थीला काकांनी सगळ्यांसमोर विचारलं की हे रिसर्चवाले लोक दिवसभर करतात तरी काय, आणि मला धड सांगता आलं नाही. कोणी ह्या वाटेने गेलंय का?

म्हार्दोळची_माहेरवाशीण
मी गेलेय. पीएचडीला सात वर्षं लागली, आता बाहेर शिकवते. काकांना सांग की पहिली दोन वर्षं तर आकडेच साफ करतात, चेष्टा नाही. यूएन कॉमट्रेडवरून, म्हणजे देशोदेशीच्या आयात-निर्यातीच्या आकड्यांच्या साइटवरून, डेटा उतरवायचा, मग कळतं की मालाच्या प्रकाराला दिलेले एचएस कोड साधारण दर पाच वर्षांनी बदलतात, २०१२, २०१७, २०२२, म्हणजे एकच माल दोन वर्षांत दोन खात्यांत दिसतो आणि आपल्याला वाटतं निर्यात वाढली. मी एकदा असल्या "वाढीवर" चार महिने घालवलेत. त्यानंतर मॉडेल, मग पेपर, मग रेफरीचे, म्हणजे पेपर तपासणाऱ्यांचे, शेरे येईपर्यंत वर्ष जातं आणि ते म्हणतात सगळं परत करा.

आता तुझा विषय, राग मानू नको. २०१२ ची बंदी हा ट्रेड शॉकच नव्हे, ती व्यापारामुळे आलीच नाही. बेकायदा उत्खननाचं प्रकरण, आधी राज्य सरकारने थांबवलं मग सुप्रीम कोर्टाने, २०१८ ला परत कोर्टानेच ८८ लीजचं, म्हणजे खाणपट्ट्यांचं, नूतनीकरण रद्द केलं. व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेत, पहिल्याच मिनिटाला अडकशील. ट्रेड पॉलिसी म्हणशील तर निर्यात शुल्क बघ. ५८ टक्क्यांहून कमी लोह असलेल्या खनिजावर शुल्क नव्हतं, मे २०२२ मध्ये केंद्राने एका फटक्यात सगळ्यावर ५० टक्के लावलं आणि नोव्हेंबरमध्ये मागे घेतलं, खालच्यावर परत शून्य, वरच्यावर ३०. सहा महिन्यांचा असा चालू-बंद प्रयोग कुठल्या रिसर्चरला आयता मिळतो? फक्त तेव्हा गोव्यात खाणी बंदच होत्या, लिलावातला जुना साठा तेवढा जात होता, म्हणून ओडिशा-कर्नाटकशी तुलना करावी लागेल.

वास्को_क्लिअरिंग
मी इकॉनॉमिक्सवाला नाही, वीस वर्षं शिपिंग बिलं, म्हणजे निर्यातीचे कस्टमचे कागद, भरतोय. ह्या ५८ चं मी सांगतो. ५७.९ आणि ५८.१ ह्यात मातीचा रंग पण बदलत नाही पण ड्युटीत जमीन-अस्मानाचा फरक, त्यामुळे लॅबचा रिपोर्ट येईपर्यंत पार्टी दिवसातून दहा फोन करते. वर ओल्या वजनावर टक्केवारी काढायची की सुक्या, ह्यावरच केवढे वाद झालेत. पावसाळ्यात माल कसा भिजतो तुम्हाला माहीत आहेच 😄 तुमच्या पुस्तकात "टॅरिफ" म्हणून एक अक्षर लिहितात ना, ते टी का काय, त्याच्या आत हे सगळं असतं.

म्हार्दोळची_माहेरवाशीण
@वास्को_क्लिअरिंग दादा, अहो हाच तर पेपर आहे! ५८ च्या रेषेच्या खालच्या बाजूला मुद्दाम जास्त माल दाखवला जातो का हे बघतात, आमच्यात त्याला बंचिंग म्हणतात.

साखळीचे_सर
पैशाचं कोणी बोलत नाही म्हणून मी बोलतो. नेटची परीक्षा देऊन जेआरएफ, म्हणजे रिसर्चची फेलोशिप, काढ, महिना ३७,००० आणि दोन वर्षांनी वरच्या पायरीला, एसआरएफला, ४२,०००, वर एचआरए म्हणजे घरभाडं. जेआरएफला ३० ची वयाची अट आहे, तेव्हा "आधी दोन वर्षं नोकरी करून बघतो" हे करू नको. जागा म्हणशील तर मुंबईत गोरेगावची इंदिरा गांधी विकास संशोधन संस्था (आयजीआयडीआर), पुण्याचं गोखले इन्स्टिट्यूट, दिल्लीला जेएनयूत ट्रेड-डेव्हलपमेंटचं वेगळं सेंटरच आहे. गणित कच्चं असेल तर आत्ताच पक्कं कर. आणि अर्थतज्ज्ञ जगदीश भगवतींचं १९५८ चं ते काम वाच, निर्यात वाढूनही देश गरीब होऊ शकतो ते. आपल्या खाणींना तंतोतंत लागू.

म्हार्दोळची_माहेरवाशीण
सर, वाचायलाच हवं पण लागू नाही हो. तिथे देशाची निर्यात एवढी मोठी पाहिजे की जगातला भावच पडावा. आपलं खनिज चीनच्या बाजारात चिमूटभर, भाव ते ठरवणार आणि आपण घेणार. पोरा, त्यापेक्षा पेटिया टोपालोव्हा ह्या अर्थतज्ज्ञ बाईचं काम वाच, १९९१ नंतर आयात शुल्क जिथे जास्त घटलं त्या ग्रामीण जिल्ह्यांत गरिबी कमी वेगाने हटली, हे तिने जिल्हावार दाखवलं. गोव्यात जिल्हे पकडून काही निघणार नाही, तालुक्यांवर जावं लागेल आणि तालुक्याचा धड डेटा मिळवता मिळवता केस पांढरे होतील.

ट्रकवाल्याचा_पोर
सगळ्यांचे आभार, विषय बदलतोय असं दिसतंय. काल बाबांना ५८ चं विचारलं तर म्हणाले आम्हाला ट्रिपेचे पैसे, आत काय भरलंय ते कोण बघतो. पण मग माळ्यावरून एक ट्रंक काढली, त्यात ट्रिपांच्या वह्या आहेत, २००६ पासून. तारीख, खाण, जेटी, टन, डिझेल, सगळं बाबांच्या अक्षरात. ताई, असल्याचा काही उपयोग होतो का?

म्हार्दोळची_माहेरवाशीण
वाळवी लागलीय का ते आधी बघ. आणि आजच्या आज पानन् पान फोटो काढ.