प्रायश्चित्तकाळ (ईस्टरआधीचे उपवासाचे दिवस): मागितलेली आणि मिळालेली क्षमा – आपले अनुभव लिहावेत

धागालेखिका:
काल क्रुसामागे खोचलेली, गेल्या झावळ्यांच्या रविवारची, म्हणजे ईस्टरच्या आधल्या रविवारची, झावळी जाळून राख करण्यासाठी चर्चमध्ये नेऊन दिली. तिचा भुगा तळहाताला चिकटून राहिला आणि वडील आठवले. वाडीच्या बांधावरून त्यांचे आणि काकांचे अकरा वर्षे बोलणे नव्हते. एका राखेच्या बुधवारी, म्हणजे या काळाच्या पहिल्या दिवशी, चर्चमध्ये कपाळावर लावलेली राख तशीच ठेवून, ते थेट काकांच्या ओट्यावर गेले आणि "बांध मीच सरकवला होता," एवढेच म्हणाले. काका काही बोलले नाहीत. त्यांनी काकूला चहा टाकायला सांगितले. मी तेव्हा नऊ वर्षांची होते.

वसईची सून:
वाचून डोळे भरून आले. मी सतरा वर्षांनी पापनिवेदनाला, म्हणजे फादरांपुढे पापे कबूल करायला, गेले, तेव्हा पाठ केलेली सगळी यादी गुडघे टेकताच विसरले. जाळीपलीकडून फादर म्हणाले, "आलीस ना, बाळ." प्रायश्चित्त म्हणून त्यांनी बायबलमधले ५१ वे स्तोत्र वाचायला सांगितले. उरियाच्या बायकोच्या मोहापायी त्याचा घात करवणारा दावीद राजा त्यात स्वतःची बाजू मांडत नाही, कोणाकडे बोट दाखवत नाही, केवळ दया मागतो. मी मात्र इतकी वर्षे सासरच्यांचीच पापे मोजत बसले होते.

नगरकर:
आमच्या प्रॉटेस्टंट मंडळीत राख लावत नाहीत आणि पाळकांच्या कानात पापेही सांगत नाहीत, तरी ताईंची विसरलेली यादी मला फार जवळची वाटली. बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानाच्या १५ व्या अध्यायातला, घर सोडून पैसा उधळलेला धाकटा मुलगा "मला चाकरासारखे ठेवा" हे वाक्य घोकून येतो, पण ते उच्चारण्याआधीच बाप चाकरांना झगा आणायला सांगतो. दारूपायी आईच्या पाटल्या गहाण टाकून मी घर सोडले होते. परतलो तेव्हा तिने पाटल्यांचा विषयच काढला नाही. उघड्या मनगटाने भाकरी वाढली. तो घास गिळणे फार कठीण गेले.

एक वाचक:
माझ्या बहिणीने दार उघडले नाही. देवाने क्षमा केली आहे यावर माझा विश्वास आहे, तरीही दर शुक्रवारी क्रुसाच्या वाटेत (येशूच्या अखेरच्या वाटेवरच्या प्रसंगांपाशी थांबत केलेल्या प्रार्थनेत) नवव्या स्थानापाशी, जिथे येशू तिसऱ्यांदा पडतो, माझे पाऊल अडते. तो तिथूनही उठला, म्हणून यंदा पुन्हा तिच्याकडे जाणार आहे.

धागालेखिका:
ताई, कधी जाणार ते कळवा. त्या वेळी आमच्या घरी आम्ही तुम्हा दोघींसाठी रोझरी (मण्यांच्या माळेवरची प्रार्थना) म्हणू.