गोल्फमधला पुट सारखा डावीकडेच जातोय, उभं राहण्यात काय चुकतंय? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी. ठाण्यात घोडबंदर रोडला राहतो, वय ४४, गोल्फ सुरू करून जेमतेम दीड वर्ष झालंय आणि तेही मेव्हण्याच्या नादाने, तो बेलापूरला असतो आणि रविवारी पहाटे मला ओढत खारघरच्या सिडकोवाल्या कोर्सवर नेतो. ड्राइव्ह (पहिला लांबचा फटका) देवाच्या भरवशावर, चिपिंग (जवळून थोडा उचलून मारायचा फटका) बरंय, पण पुटिंगने, म्हणजे बॉल जमिनीवरून घरंगळत होलमध्ये घालायच्या फटक्याने, वैताग आणलाय. पाच-सहा फुटांचा सरळसोट पुट, तो पण डाव्या काठाला चाटून पुढे. दहातले सहा-सात असेच. कधी इकडे कधी तिकडे गेले असते तर नशीब म्हणून सोडून दिलं असतं, पण कायम एकाच बाजूला म्हणजे माझंच काहीतरी ठरलेलं चुकतंय.

आधी उताराला शिव्या घातल्या. डोंगराच्या पायथ्याशी डोळे फसतात वगैरे मेव्हण्याचं प्रवचन ऐकून झालं. मग पाऊस लागला तसं घरीच पॅसेजमध्ये पातळ कार्पेट टाकून, फुलपात्र आडवं ठेवून सुरू केलं (आई म्हणते हे काय नवीन खूळ, पाणी कशातून प्यायचं). फुलपात्राचं तोंड तीन इंच, होल सव्वाचार इंच, म्हणजे इथे जमलं तर तिथे जमायला हरकत नाही. तर इथेही डावीकडे! मोबाईल पोळ्यांच्या डब्याला टेकवून व्हिडिओ काढला. पावलं एकदम सरळ, पडद्याचा रॉड लावून तपासलीत. बॉल डाव्या पायाच्या अंगठ्यासमोर येतो. पुटर (पुट मारायची काठी) मेव्हण्याचा जुना, ३५ इंची, माझी उंची साडेपाच फूट, त्यामुळे जमिनीवर ठेवला की टो (पुटरच्या डोक्याचं माझ्यापासून लांबचं टोक) थोडा वर उचललेला दिसतो.

तर पुटर कापून घेऊ का, की स्टान्स (उभं राहायची पद्धत) बदलू, की हात धरायची पद्धत? यूट्यूबवर प्रत्येक जण वेगळंच सांगतो, डोकं फिरलंय.

प्रतिसाद, वाशीहून:
आधी फरशी तपासा साहेब. आपल्याकडे फ्लॅटची फरशी कुठे ना कुठे ढाळ घेतेच. दुसऱ्या टोकाकडून उलटा पुट मारून बघा, तेव्हा उजवीकडे गेला तर तुमचा दोष नाही, बिल्डरचा.

प्रतिसाद, ऐरोलीहून:
पुटर लगेच कापू नका. टो वर असला की फेस (बॉलला लागणारी सपाट बाजू) किंचित डावीकडे बघतो हे खरं, पण पुटरला लॉफ्ट (फेसचा मागे कललेला कोन) असतो तीन-चार अंशच, त्यामुळे तो फरक अगदी बारीक. सध्या ग्रिपवर इंचभर खाली धरून बघा, फुकटात कळेल.

मला संशय बॉलच्या जागेचा. बॉल इतका पुढे, म्हणजे डाव्या पायाकडे, असला की त्याच्यापर्यंत पोचायला उजवा खांदा आपोआप पुढे येतो, पाय सरळ असून खांदे डावीकडे बघायला लागतात आणि पुटर खांद्यांच्या मागे जातो, पावलांच्या नाही. शिवाय बॉलपर्यंत पोचेतो फेस बंद व्हायला, म्हणजे डावीकडे वळायला, लागलेला असतो. हिशोब करा, सहा फुटांवर फेस दोन अंश बंद झाला तर बॉल अडीच इंच बाजूला, होलच्या मध्यापासून काठ दोन इंचांच्या जरासा वर. गेला ना.

तोच पडद्याचा रॉड आता छातीवर दोन्ही खांद्यांना टेकवून धरा आणि कुठे बघतोय ते सांगा. दुसरं, नाकाच्या शेंड्याकडून नाही, दोन डोळ्यांच्या मधून एक बॉल सोडा, तो खालच्या बॉलवर किंवा किंचित तुमच्या पायांच्या बाजूला पडायला हवा, पलीकडे नको. आणि एक, क्रिकेट खेळायचात का?

(रॉड सरावापुरताच हां, राउंडमध्ये दिशा दाखवायला जमिनीवर काही ठेवलं तर पेनल्टी बसते. बॉलवर मार्करने रेघ मारलेली मात्र चालते.)

धागाकर्ता:
वाशीकर, उलटा मारून बघितला, तरी डावीकडेच, बिल्डर सुटला.

ऐरोलीकर, तुम्ही ज्योतिषी आहात का? रॉड छातीला लावला तर तो फुलपात्राकडे नाही, सरळ चपलांच्या रॅककडे बघत होता! बॉल सोडला तर तोही पलीकडे पडला. आणि हो, कॉलेजपर्यंत टेनिस बॉल क्रिकेट, सगळे शॉट खालच्या, म्हणजे उजव्या हाताने.

बॉल दीड बॉलच्या रुंदीइतका उजव्या पायाकडे घेतला, म्हणजे मध्यापेक्षा थोडासाच पुढे, आणि एक पाऊलभर नाही पण बोटभर मागे सरकून उभा राहिलो. काल वीसातले तेरा फुलपात्रात. राहिलेल्यांत चार डावीकडे, ते बहुतेक उजव्या हाताने ढकललेले. मग डावा हात खाली घेऊन धरायचं बघितलं, अमेरिकन गोल्फर जॉर्डन स्पीथ धरतो तसं, खांदे एकदम लेव्हल झाले पण लांबचा पुट मारताना डाव्या हाताने वरणभात कालवल्यासारखं वाटतं, अंतराचा अंदाजच येत नाही. म्हणून आता विचारतो, जवळचे पुट असे आणि लांबचे जुन्या ग्रिपने, असं दोन प्रकारे चालवणारे कोणी आहेत का इथे? की मन घट्ट करून एकच धरू? रविवारी सकाळी सहाला टी टाइम (खेळ सुरू करायची वेळ) आहे, त्याआधी कोणी सांगितलं तर बरं.