मदत हवी आहे: कोविडचे निर्बंध उठले, पण बाबांची प्रतिकारशक्ती होती तशीच आहे. आता रोजचं कसं सांभाळायचं?

नमस्कार मंडळी,

बरेच दिवस इथे नुसतं वाचत होते. आज विचारायचीच वेळ आली म्हणून धागा काढते आहे. थोडं लांबेल, पण परिस्थिती कळल्याशिवाय सल्ला देणं कुणालाच जमणार नाही.

२०१८ मध्ये माझ्या बाबांचं किडनी प्रत्यारोपण झालं. किडनी आईची. तेव्हापासून सकाळी आठ आणि रात्री आठ, घड्याळ लावून त्यांची टॅक्रोलिमसची गोळी असते, जोडीला मायकोफेनोलेट आणि थोडं स्टेरॉइड. शरीराने नवी किडनी परकी म्हणून नाकारू नये यासाठी ही औषधं प्रतिकारशक्ती मुद्दाम दाबून ठेवतात. त्यामुळे लस घेऊनही शरीरात पुरेसं संरक्षण तयार होईलच असं नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञगटाने ऑक्टोबर २०२१ मध्ये अशा लोकांसाठी जादा डोसची शिफारस केली ती याचसाठी. बाबांचे सगळे डोस झालेत. तरी डॉक्टरांनी सांगितलंय, "लस घेतलेलीच नाही असं समजून वागा."

तर प्रश्न असा. ११ मार्च २०२० ला महामारी जाहीर झाली, त्यानंतर जे नियम आले ते सगळ्यांनाच होते. तेव्हा आमचं किती सोपं होतं हे आत्ता कळतंय. कुणी दारात आलं की "नियम आहे हो, काय करणार" म्हटलं की विषय संपायचा. कुणाला राग येत नसे. आता नियम नाही. तेच वाक्य आता मला माझ्या नावावर बोलावं लागतं आणि समोरच्याला वाटतं, ही आपल्यावर संशय घेते आहे.

गेल्या रविवारी भाऊ, वहिनी आणि माझा सहा वर्षांचा भाचा आले होते. दार उघडल्याबरोबर भाचा धावत आत आला आणि बाबांच्या खुर्चीपासून दोन पावलांवर एकदम थांबला. दोन्ही हात पाठीमागे घेतले आणि म्हणाला, "आजोबा, आता जवळ येऊ का?" बाबांनी माझ्याकडे पाहिलं. उत्तर मी द्यायचं होतं आणि मला ते देता आलं नाही. मी म्हटलं, "आधी हात धुऊन ये." हात धुतल्याने नेमकं काय साधणार होतं हे मलाही माहीत नव्हतं. काहीतरी बोलायचं म्हणून बोलले. तो प्रसंग डोळ्यांपुढून जात नाही.

पुढच्या महिन्यापासून मला ऑफिसात बोलावलं आहे. एसीची बंद खोली, आम्ही दहा जण, काचा पक्क्या बसवलेल्या. दिवसभर मी मास्क लावीन, पण जेवताना काय करायचं? आणि संध्याकाळी घरी आल्यावर बाबांपासून लांब राहायचं का? राहायचं तर किती दिवस?

दर महिन्याला बाबांना रक्ततपासणीसाठी न्यावं लागतं. तिथल्या प्रतीक्षागृहात आता निम्मे लोक मास्कशिवाय खोकत बसलेले असतात. ते टाळता येण्यासारखं नाही.

आई अजूनही बाहेरून आलेली प्रत्येक वस्तू पुसते. दाराशी बादली आणि फडका कायम ठेवलेला. तिचे हात पार सोलवटलेत, पण सवय सोडायला मन तयार होत नाही.

आणि बाबा. पूर्वी रोज पाऊण तास चालायचे. दोन वर्षांत इतकं कमी झालंय की एक जिना उतरले तरी पिंडऱ्या भरून येतात. तक्रार काही करत नाहीत. खिडकीपाशी बसून खाली चालणाऱ्यांकडे बघत असतात.

कृपया "एवढं घाबरू नका" किंवा "आता सगळं संपलं" असं लिहू नका. घाबरून घरात बसायचं नाही म्हणूनच विचारते आहे. काय धरून ठेवायचं आणि काय सोडून द्यायचं, हे ज्यांना उमगलंय त्यांनी सांगा.

प्रतिसाद १

ताई, मी इमारतींच्या वायुवीजनाचं काम करतो. सगळ्यात आधी आईंच्या हातातला फडका सोडवा. वस्तूंवरून लागण होण्याचा धोका अगदी कमी आहे. बाहेरून आल्यावर आणि जेवणाआधी साबणाने हात धुतले की पुरे. विषाणूचं आवरण चरबीचं असतं, साबण ते फोडतो. तुमच्या भाच्याने हात धुतले ते वाया गेलेलं नाही. पण खरा धोका हवेतून आहे.

समोरचा माणूस सिगारेट ओढतोय अशी कल्पना करा. धूर जिथे साचेल तिथे श्वासातले बारीक कण साचतात. मोकळ्यावर धूर लगेच पांगतो, बंद खोलीत माणूस निघून गेल्यावरही रेंगाळतो. रिकाम्या लिफ्टमध्ये मास्क काढू नका असं म्हणतात ते यामुळेच. याच हिशोबाने बघितलं की सहा फुटांचा नियम बंद खोलीत का पुरत नाही हे कळतं.

घरी पाहुणे येणार असतील तर समोरासमोरच्या दोन खिडक्या उघडा आणि एका खिडकीत पंखा बाहेरच्या बाजूला तोंड करून लावा. तो घरातली हवा बाहेर ढकलतो, दुसरीकडून ताजी आत येते. बाबांची खुर्ची आत येणाऱ्या हवेच्या बाजूला ठेवा, पंख्याजवळ नको. पाहुणे गेल्यावरही तासभर चालू राहू द्या.

ऑफिसात कार्बन डायऑक्साइड मोजणारं छोटं यंत्र नेता आलं तर न्या. बाहेरच्या हवेत आकडा साधारण ४२० पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत ४२०) असतो. खोलीत हजाराच्या वर गेला की समजा, सगळे एकमेकांनी सोडलेलीच हवा घेताय. यंत्र विषाणू मोजत नाही, पण वरिष्ठांशी बोलायला हातात आकडा असला की बोलणं वेगळं होतं. साधा एसी बहुतेक वेळा आतलीच हवा फिरवतो, हेही त्यांना सांगा. जेवायला बाहेर उघड्यावर बसा, नाहीतर सगळ्यांच्या आधी अर्धा तास उरकून घ्या.

प्रतिसाद २

मी प्रत्यारोपण विभागात परिचारिका होते. वरच्या प्रतिसादाला अनुमोदन, आणि एक गोष्ट जी कुणी आधीच सांगत नाही ती सांगते.

लागण झालीच तर काय करायचं, हे आजच डॉक्टरांना विचारून कागदावर लिहून ठेवा. विषाणूविरोधी गोळ्या लक्षणं सुरू झाल्यापासून पाच दिवसांच्या आत चालू कराव्या लागतात, त्यामुळे तेव्हा धावाधाव करायला वेळ नसतो. आणि हे नीट वाचा: त्यातल्या एका औषधात रिटोनाविर असतं. त्याने टॅक्रोलिमसचं रक्तातलं प्रमाण धोकादायक वाढतं. म्हणून ओळखीच्या कुणी दिलं, दुसऱ्या डॉक्टरांनी घाईत लिहून दिलं, म्हणून घेऊ नका. आधी प्रत्यारोपणाच्या डॉक्टरांना फोन. बाबांची नेहमीची औषधंही स्वतःच्या मनाने बंद करू नका. सगळ्या औषधांची नावं, डोस आणि वेळा लिहिलेला कागद बाबांच्या पाकिटात आणि तुमच्या फोनमध्ये ठेवा.

ऑक्सिमीटर (बोटाला लावून रक्तातला ऑक्सिजन मोजणारं यंत्र) वापरताना बोटं गार असतील तर आधी चोळून गरम करा, नखाला रंग नको. आकडा स्थिर होईपर्यंत थांबा. सावळ्या त्वचेवर यंत्र कधीकधी खऱ्यापेक्षा जास्त आकडा दाखवतं, म्हणून ९४ च्या खाली जायची वाट बघत बसू नका. दम लागत असेल तर आकडा काहीही असो, फोन करा.

प्रतीक्षागृहासाठी: सकाळची पहिली वेळ मागून घ्या. नाव नोंदवून बाहेर थांबतो, बोलावलंत की येतो, असं सांगा. बहुतेक ठिकाणी ऐकतात. आत जाताना बाबांना एन-९५ मास्क. तो अगदी बारीक, ०.३ मायक्रॉनचे कणही निदान ९५ टक्के अडवतो, पण चेहऱ्याला चिकटून बसला तरच. लावल्यावर दोन्ही हात मास्कवर ठेवून जोरात श्वास सोडायला सांगा. डोळ्यांपाशी किंवा गालाशी वारा लागला तर तो नीट बसलेला नाही. बाबांना दाढी आहे का?

प्रतिसाद ३

माझ्या पत्नीची केमो चालू होती तेव्हा नेमक्या याच अडचणीतून गेलो. एकच सांगतो, दारात काहीही सांगायचं नाही. दारात सांगितलं की समोरच्याचा अपमान होतो आणि आपण कोसळतो. आदल्या दिवशी फोनवर सांगायचं. मी ठरलेलं वाक्य बोलायचो: "तुम्ही यायलाच हवं, ती वाट बघते आहे. सकाळी घरच्या घरी चाचणी करून या, आणि घरात कुणाला साधी सर्दी जरी असेल तर आठवडाभराने या." आधी "या", मग अट. चाचणी निगेटिव्ह आली म्हणजे खात्री नव्हे, सुरुवातीला ती चुकू शकते. म्हणून खिडक्या उघड्याच.

दोन जण रागावले. बाकीचे आले.

प्रतिसाद ४

थोडं वेगळं लिहितो, रागावू नका. माझ्या वडिलांना आम्ही दीड वर्ष घरात जपलं. संसर्ग झाला नाही, पण पायातली ताकद गेली, पडले, मांडीचं हाड मोडलं. आजही काठीशिवाय उभे राहत नाहीत. बाबांना उद्यापासून बाहेर चालायला न्या. गर्दी नसलेल्या वेळी, उघड्यावर, दहा मिनिटं. तुमच्या सगळ्या यादीत ही गोष्ट सगळ्यात कमी धोक्याची आहे आणि तीच तुम्ही बंद ठेवली आहे.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. तीन आठवड्यांनी लिहिते आहे, कारण करून बघितल्याशिवाय लिहायचं नव्हतं.

प्रतिसाद ४, रागावले नाही. वाचून रडू आलं, कारण खरं होतं. दुसऱ्याच दिवशी सकाळी सहाला बाबांना खाली घेऊन गेले. पहिल्या दिवशी चार मिनिटं. आज एकोणीस झाली.

डॉक्टरांकडून कागद लिहून घेतला. रिटोनाविरचं विचारल्यावर ते म्हणाले, बरं झालं विचारलंत. वरिष्ठांना यंत्रावरचा दुपारचा आकडा दाखवला, १६८०. आठवड्यातून तीन दिवस घरून काम करायची परवानगी मिळाली. उरलेल्या दोन दिवसांनंतर मी घरातही मास्क लावते आणि वेगळ्या खोलीत जेवते. ओमिक्रॉन या कोविडच्या प्रकाराची लक्षणं साधारण तीन दिवसांत दिसतात असं कळलं, म्हणून ऑफिसचे दोन दिवस जोडून घेतले आणि त्यानंतर चार दिवस हे पाळायचं ठरवलं. शंभर टक्के नाही हे माहीत आहे.

आईचा फडका अजून सुटलेला नाही. बादली मात्र मागच्या बाजूला गेली. जबरदस्ती करत नाही.

आणि हो, दाढी होती. टाळेबंदीत वाढवलेली, पांढरी, छातीपर्यंत. बाबांना ती फार आवडायची म्हणून मी बोललेच नाही, फक्त तो प्रतिसाद वाचून दाखवला. सकाळी उठले तर ते आरशासमोर बसलेले, मांडीवर जुना टॉवेल, समोर कात्री. म्हणाले, "मागून तू काप, मला दिसत नाही."

काल भाऊ आदल्या रात्री फोन करून, सकाळी तिघांची चाचणी करून आला. पंखा खिडकीत चालू होता. भाचा पुन्हा दोन पावलांवर थांबला, या वेळी दाढी नसल्यामुळे ओळखेना म्हणून. मग मास्क नीट केला आणि स्वतःच पुढे गेला.

एक शंका अजून आहे. तोच एन-९५ किती वेळा वापरता येतो? आम्ही पाच मास्क कागदी पिशव्यांत वार लिहून ठेवलेत आणि फिरवून वापरतो. इलॅस्टिक सैल झालं किंवा ओला झाला की टाकतो. हे बरोबर आहे का, परिचारिका ताईंनी जमल्यास सांगावं.