कर्नाटकात सरकार बदललं, मग आमच्या गल्लीतला राग कुठं गेला?

वडगावचा मागवाला:
नमस्कार मंडळी. बेळगावच्या वडगावात आमचे चार माग. नोव्हेंबर २०१६ च्या नोटबंदीत दोन थांबले ते थांबलेच. आई त्यांच्यावर जुनी साडी पांघरून ठेवते. मजुरी आठवड्याला रोख द्यायची, आणि बँकेत रोख मिळेना. जुलै २०१७ ला जीएसटी आला, कृत्रिम धाग्यावर १८ टक्के. ऑक्टोबरात १२ केला, खरं तोवर दिवाळीचा धंदा हातचा गेला होता. २०२३ च्या मे महिन्यात सिलिंडर अकराशेच्या वर. कांडी भरता भरता आई म्हणाली, "यंदा बदलायचंच." विधानसभेला राज्यात भाजपचं सरकार बदललंही: काँग्रेस १३५ जागा, भाजप ६६. खरं आमच्या बेळगाव दक्षिणमध्ये भाजपच. मग हा राग गेला कुठं? मनापासून विचारतोय.

शहापूरकर:
दादा, दक्षिणमध्ये दुसरा नंबर कुणाचा ते बघा. समितीचा, म्हणजे सीमाभाग महाराष्ट्रात जावा म्हणणाऱ्या महाराष्ट्र एकीकरण समितीचा! काँग्रेसचा नव्हे. भाजपवर चिडलेल्या मराठी माणसाला इथं आणखी एक दार उघडं असतं, आणि तिकडं गेलेलं मत राज्याच्या हिशेबात दिसत नाही. निकालात महागाईचं काही नव्हतं असं म्हणणाऱ्यांचं मला पटत नाही.

खानापूरची ताई:
आमच्याकडं तर उलटं झालं. आमदार काँग्रेसच्या होत्या, २०२३ ला भाजपचे आले. गावात 'सत्ताधारी' म्हणजे बंगळुरू नव्हे, आपला आमदार. ११ जून २०२३ पासून बायकांना एसटी फुकट झाली, तेव्हा मी बेळगावला बाजाराला जायला लागले. तिकिटाचे पैसे वाचतात ते भाजीत जातात, हे खोटं नाही.

निपाणी:
माझी वहिनी विड्या वळते, हजार विड्यांमागं मजुरी. विडीवर तेव्हा जीएसटी २८ टक्के होता, तरी २०२३ ला निपाणीत भाजपच. ऑगस्ट २०२३ ला राज्य सरकारची बायकांसाठीची गृहलक्ष्मी योजना सुरू झाली, महिन्याला २००० रुपये. लोकसभेला २०२४ मध्ये चिकोडीत काँग्रेस आली, बेळगावात भाजप. दोन्हीकडं बायकांना तेच २०००! मला वाटतं, घरात आलेला पैसा बाई विसरत नाही, खरं दिल्लीचं मत द्यायला ती वेगळ्या विचारानं जाते.

वडगावचा मागवाला:
शहापूरकर, तुमचं वाचून आईला विचारलं. तिनं समितीलाच दिलं होतं. गॅसमुळं भाजपला द्यायचं नव्हतं, काँग्रेसचा माणूस दारात आलाच नाही, आणि समितीचं पत्रक आमच्या गणपती मंडळातल्या पोरानं आणून दिलं होतं. सहा वर्षं तिच्या शेजारी बसून हिशेब करतोय, आणि मला माहीत नव्हतं. २२ सप्टेंबर २०२५ पासून धागा ५ टक्क्यांवर आलाय. कुणी घेतला असेल तर भाव कळवा, तिसऱ्या मागावर ताण्याचा बीम चढवावा म्हणतो.